गोडे तेल, कडू तेल : रत्नागिरीच्या स्वयंपाकघराचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यात नारळ अमाप, पण तिथल्या जुन्या स्वयंपाकात तेल अगदी बेताचे असे. याचे कारण नारळ वापरण्याच्या पद्धतीत आहे. केरळात नारळ वाळवून, खोबरे करून घाण्यात घालण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. रत्नागिरीत तो मुख्यतः ओलाच खाल्ला गेला. खवलेले खोबरे, पाट्यावर वाटलेले वाटण आणि पिळून काढलेला नारळाचा रस हीच इथल्या जेवणातली स्निग्धता. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो, त्यामुळे वाटण पडलेल्या आमटीला किंवा माशाच्या कालवणाला वेगळे तेल फारसे लागत नाही. कित्येक घरांत बांगड्याचे कालवण फोडणीशिवायच होई: वाटण, हळद, मिरची, तिरफळ, कोकम आणि मासे एकत्र उकळायचे आणि उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडायचे.

सणासुदीचे पदार्थही हेच सांगतात. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, फणसाच्या रसातली सांदणे, नारळाच्या रसात वाढलेले शिरवाळे हे सगळे वाफेवरचे. घावन आणि आंबोळीसाठी बिडाच्या तव्याला तेलात बुडवलेली कांद्याची चकती किंवा नारळाच्या शेंडीचा कुंचला फिरवला की पुरे. कैऱ्या आणि फणसाचे गरे वर्षभरासाठी टिकवायचे ते मिठाच्या खारात, तेलाचा थेंबही न घालता. तळण निघे ते दिवाळीला, लग्नकार्याला, नाहीतर कोंबडीबरोबर वडे करायचे असतील तेव्हा. कोकणातला माणूस तेल बेताने वापरी, त्यात गरिबीचा वाटा होताच. पण या पाककृती तेलाच्या टंचाईवर काढलेली तोड नाहीत. त्यांची चवच मुळी वाफेवर आणि ओल्या खोबऱ्यावर उभी आहे.

घरात येणाऱ्या तेलाचे दोन सरळ विभाग होते. खाण्याचे ते गोडे तेल, दिव्याचे आणि औषधाचे ते कडू. उंडी आणि करंज ही कडू तेलाची झाडे. उंडी किनाऱ्यालगत वाळूत वाढते. तिच्या गोल फळांतल्या बियांतून हिरवट, दाट, उग्र वासाचे तेल निघते. ते समईत आणि पणतीत जळे, सांधेदुखीवर चोळले जाई आणि होड्यांच्या लाकडालाही लावले जाई. करंजाचे तेल खरजेवर आणि दिव्यासाठी. यांतले काहीही पोटात जायचे नाही, हे लहान मुलालाही माहीत असे. माशांचे तेलही किनाऱ्यावर होते. तारलीसारख्या तेलकट माशांपासून काढलेले हे तेल होडीच्या फळ्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत. स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नव्हता.

दिवा ही तेलाची पहिली आणि मोठी गरज होती, हे आज विजेच्या उजेडात लक्षात येत नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना १६७०च्या दशकात पाठवलेले पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. लष्कराने रयतेला तसदी देऊ नये, अशी ताकीद त्यात आहे. त्याच पत्रात रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असाही इशारा आहे. तेलात भिजलेली वात उंदराला खाण्याजोगी वाटते, हे छत्रपतींच्या पत्रात नोंदवण्याइतके रोजच्या पाहण्यातले होते. देवळांचा नंदादीप अखंड तेवत ठेवायचा, तर त्याच्या तेलाची कायमची तजवीज लागे. त्यासाठी जमिनी लावून दिलेल्या असत आणि गावच्या तेल्याकडून देवाला ठरावीक तेल येई.

गोड्या तेलात पहिला मान तिळाचा. ‘तेल’ हे नावच तिळावरून पडले आहे, आणि महाराष्ट्रात तेल गाळणाऱ्यांचा पुरावाही तितकाच जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी दिलेली रक्कम गोवर्धन इथल्या ज्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली, त्यांत ‘तिलपिषक’ म्हणजे तीळ गाळणाऱ्यांची श्रेणी आहे. अठराशे वर्षांपूर्वी तेली लोकांची संघटना इतकी भरवशाची होती, की लोक तिच्याकडे कायमची ठेव ठेवत.

रत्नागिरीत तीळ डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत होई. भात खाचरात आणि बाकीचे वरकसावर, अशी कोकणच्या शेतीची विभागणी आहे. राब भाजून पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ आणि नंतर काही वर्षे जमीन पड, असा फेर चाले. तीळ येई तो जमिनीचा कस उतरल्यावर, त्यामुळे उतारा थोडका. खुरासणी, म्हणजे कारळे, हेही अशाच हलक्या जमिनीतले पीक. त्याचे तेल घाटाखालच्या भागात खाण्यात होते आणि दाण्यांची चटणी आजही होते. घरच्या तिळाचे तेल बहुतेक कुटुंबांना वर्षभर पुरत नसे, म्हणून ते जपून वापरत. मेतकूट-भातावर, लसणीच्या चटणीवर, पोह्याच्या डांगरावर कच्चे घ्यायचे, बाळंतिणीला आणि बाळाला चोळायचे, दिवाळीत अभ्यंगाला काढायचे.

तेल काढणारा तेली आणि त्याचा घाणा ही त्या काळची गावोगावची यंत्रशाळा होती. गावगाड्याच्या जुन्या याद्यांत तेली अलुतेदारांत येतो. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर’च्या १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडातही तेल्यांची नोंद आहे. घाण्याची रचना साधी दिसली तरी तिच्यात हिशेब आहे. जमिनीत पक्के रोवलेले लाकडाचे किंवा दगडाचे उखळ, त्यात तिरकी उभी राहणारी जड लाट, लाटेच्या वरच्या टोकाला जोडलेली आडवी फळी, फळीवर वजनाला धोंडे आणि ती फळी ओढत गोल फिरणारा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. लाट उखळाच्या कडेवर दाबून फिरते तसे बी चिरडते आणि पेशींतले तेल बाहेर येते. तिळाच्या घाण्यात मधूनमधून थोडे पाणी शिंपडतात. त्याने भुगा एकजीव होऊन पेंड घट्ट बसते आणि तेल मोकळे होते. पाणी जास्त झाले तर तेल टिकत नाही, कमी झाले तर पेंडीतच अडकते. त्याचे माप तेल्याच्या हातात असे आणि ते बापाकडून मुलाकडे जाई.

बैलाच्या चालीने चालणाऱ्या घाण्यात तेल फारसे तापत नाही. म्हणून बियांचा मूळ वास आणि रंग टिकतो. मात्र पेंडीत बरेच तेल राहून जाते. गुरांच्या दृष्टीने ते बरेच होते, कारण तेलकट पेंड दुभत्या म्हशीला मिळे. गिऱ्हाईक स्वतःचे बी घेऊन येई, समोर बसून गाळून घेई आणि मजुरी बहुधा धान्यात किंवा पेंडीत देई. भेसळीला फारशी जागाच नव्हती.

रत्नागिरीच्या उत्तरेला, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, हा धंदा बेने इस्रायल समाजाच्या हाती होता. समुद्रमार्गे येऊन अलिबागजवळ नौगावला उतरलेल्यांचे आपण वंशज आहोत, असे हे ज्यू लोक सांगतात. शनिवारी शब्बाथ पाळायचा म्हणून त्यांचे घाणे त्या दिवशी बंद असत, आणि त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्म वेगळा, पण बोली मराठी आणि धंदा कोकणातला. या समाजातली बरीच कुटुंबे अठराव्या शतकापासून मुंबईला गेली, पलटणींत आणि पुढे कचेऱ्यांत शिरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेकांनी इस्रायलची वाट धरली. कोकणात त्यांची प्रार्थनास्थळे उरली, घाणे राहिले नाहीत.

खोबरेल तेल रत्नागिरीत दोन तऱ्हांनी निघे. सुके खोबरे तेल्याकडे नेऊन घाण्यात गाळून आणायचे ही एक तऱ्हा. खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक तेल असल्याने हा घाणा फायद्याचा, पण खोबरे पावसाच्या आधी कडकडीत वाळलेले हवे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकणातली हवा इतकी ओली असते, की कच्च्या वाळलेल्या वाटीवर आठ दिवसांत बुरशी चढते आणि तिचे तेल खवट निघते. म्हणून फोडलेल्या नारळांच्या वाट्या एप्रिल-मेमध्ये अंगणात वाळत पडत. दुसरी तऱ्हा बायकांच्या हातची: ओले खोबरे खवून रस काढायचा आणि मंद आचेवर आटवायचा. पाणी उडून गेल्यावर तेल सुटते, तळाशी तांबूस बेरी राहते. हे तेल थोडे निघते, पण त्याचा भाजल्यासारखा गोड वास घाण्याच्या तेलाला येत नाही. तान्ह्या मुलांसाठी आणि केसांसाठी याच तेलाला पसंती असे.

असे असूनही रत्नागिरीच्या बाजारात विकले जाणारे खोबरेल बरेचसे बाहेरचे होते. गलबतांतून मलबारचा माल उत्तरेकडे येई आणि कोचीनच्या तेलाचे नाव मुंबईपर्यंत गाजलेले होते. जिथे नारळ पिकतो तिथेच दुसऱ्या किनाऱ्याचे तेल विकले जावे, हे विचित्र दिसते. पण रत्नागिरीचा नारळ घरच्या वाटणाला, देवाला, मुंबईच्या बाजाराला आणि शहाळ्यांना जाई, आणि काही माड माडीसाठी बांधले जात. तेलासाठी उरे तो थोडाच.

कोकमाचे तेल मात्र अस्सल इथले. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकले की साली फोडून आमसुले करायची आणि बिया बाजूला पडायच्या. या बिया धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर आलेला स्निग्धांश निथळून घेतला की थंड होताना थिजतो. हाताने त्याचे लांबट गोळे वळून ठेवत. मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात ते हेच. गराच्या वजनाच्या जवळजवळ चाळीस टक्के भरणारे हे तेल खरे तर लोण्यासारखे आहे. ते ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून कोकणच्या उन्हाळ्यातही घट्ट राहते. पायांच्या भेगा आणि फुटलेले ओठ यांवर ते घरोघरी लागे, आणि गरिबांच्या स्वयंपाकात तुपाच्या जागीही पडे. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिविषयक ग्रंथांत त्याची नोंद आहे ती तुपात भेसळ करायला वापरतात म्हणूनही. त्या व्यवहाराने एका चांगल्या पदार्थाला उगाच कमीपणा आला. आज हेच लोणी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांना हवे असते. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात त्याआधीच लागवडीत आली होती. स्वयंपाकघरातून मात्र मुठेल जवळजवळ हद्दपार झाले आहे.

सह्याद्रीपलीकडची तेले घाट उतरून येत. कुंभार्ली घाटाने कऱ्हाडचा माल चिपळूणला आणि आंबा घाटाने कोल्हापूरचा रत्नागिरीला पोचे. वर जाताना बैलांच्या पाठीवर मीठ, सुकी मासळी, नारळ आणि आमसुले, खाली येताना धान्य, गूळ आणि देशावरचे तेल. देशावर ज्वारीच्या रानात करडई होते, तिचे तेल पातळ, फिकट आणि वासाला सौम्य. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भुईमूग पसरला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. दक्षिण अमेरिकेतले हे पीक पोर्तुगीजांच्या काळात हिंदुस्थानात आले, पण त्याला मोठी चालना मिळाली ती फ्रान्समधल्या मार्सेल बंदरातल्या साबण आणि तेलाच्या गिरण्यांच्या मागणीमुळे. पुढे देशातच गिरण्या निघाल्या, शेंगदाण्याचे तेल स्वस्त झाले आणि महाराष्ट्राचे रोजचे गोडे तेल बनले. घाटातून गाडीरस्ते आणि नंतर मोटारी चालू झाल्यावर ते रत्नागिरीच्या वाण्याच्या दुकानात डब्याने येऊ लागले. वरकसावरचा तीळ या स्पर्धेत टिकला नाही.

त्याच सुमाराला दिव्यातले तेल बदलत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आधी अमेरिकेचे, मग रशियाच्या बाकूचे आणि नंतर ब्रह्मदेशाचे रॉकेल हिंदुस्थानात येऊ लागले. ब्रह्मदेशातल्या येनानजाँगच्या तेलविहिरींवर तिथल्या राजाचा मक्ता होता. इंग्रजांनी १८८५मध्ये ते राज्य जिंकले आणि शेवटचा राजा थिबा १८८६मध्ये रत्नागिरीला नजरकैदेत आला. त्याच वर्षी ग्लासगोत बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. थिबा १९१६मध्ये रत्नागिरीतच वारला, तोवर त्याच्या जुन्या राज्यातले तेल हिंदुस्थानभर दिव्यांत जळू लागले होते. रॉकेलच्या चिमणीने उंडी आणि करंज यांची गरज संपवली. देवघरातली समई तेवढी गोड्या तेलावर राहिली.

स्वयंपाकात पुढचा मोठा फेरबदल मुंबईहून आला. रत्नागिरी हा मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा होता. घरटी एखादा पुरुष गिरणीत किंवा गोदीत, आणि गणपतीला गावी येताना त्याच्या सामानात मुंबईची वस्तू ठरलेली. लिव्हर कंपनीने शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि १९३७मध्ये ‘डालडा’ बाजारात आणला. पिवळ्या डब्यावरचे हिरवे झाड घराघरांत ओळखीचे झाले. रिकाम्या डब्यांत डाळी भरल्या गेल्या, तुळशी लावल्या गेल्या. वनस्पती म्हणजे द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेले. दिसायला तुपासारखे, किमतीने तुपापेक्षा कितीतरी स्वस्त, महिनोन्‌महिने न बिघडणारे. लाडू-शंकरपाळ्यांत त्याने तुपाची जागा घेतली. या प्रक्रियेत अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला घातक असतात, हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस नीट कळले. भारतात या ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी होत २०२१मध्ये ३ टक्के आणि २०२२पासून २ टक्के झाली. दोन-तीन पिढ्यांनी ते खाल्ल्यानंतर ही मर्यादा आली, हे विसरण्यासारखे नाही.

गिरणीच्या तेलाला आणि वनस्पती तुपाला वैचारिक विरोध उभा राहिला तो वर्ध्यात. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्याच्या सुधारणेचे काम हाती घेतले. बैलाला कमी ओढ पडावी, एका वेळी जास्त बी गाळता यावे आणि पेंडीत तेल कमी राहावे, अशी ‘मगनवाडी घाणी’ तिथे घडली. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तेलघाण्यांच्या सहकारी संस्थांना मदत दिली. तरीही विजेवरच्या एक्स्पेलरपुढे बैलघाणा हरला. एक्स्पेलर तासाभरात घाण्याचे दिवसाचे काम करतो. विद्रावकाने तेल काढणारे कारखाने पेंडीतले उरलेसुरले तेलही ओढून घेतात. रत्नागिरीच्या गावांत दगडी उखळे अंगणात पालथी पडली, काही पायऱ्यांना लागली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात दुकानातल्या तेलाची निवड मुंबईच्या जाहिरातींनी घडवली. ‘पोस्टमन’ हे शेंगदाण्याचे शुद्ध केलेले तेल आणि करडईचे ‘सफोला’ ही नावे मध्यमवर्गीय घरांत रुळली. सफोला हृदयासाठी चांगले म्हणून खपले, आणि देशावरचे जुने करडईचे तेल शहरी डॉक्टरांच्या शिफारशीने पुन्हा प्रतिष्ठित झाले. रिफाइंड तेलात डिंक आणि आम्ल काढून, रंग उडवून, शेवटी २०० अंशांहून अधिक तापमानाला वाफ सोडून वास घालवतात. त्याने तेल टिकाऊ आणि तळायला सोयीचे होते, मात्र कशाचे तेल आहे हे जिभेला कळेनासे होते. नाक आणि जीभ यांवर तेल पारखण्याची जुनी सवय इथे मोडली, आणि पारखायला फक्त वेष्टनावरचा मजकूर उरला.

गरीब घरांत याच काळात रेशनचे पामतेल आले. देशात तेलबिया कमी पडत होत्या. १९८६मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, १९८८मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे ‘धारा’ आले आणि काही वर्षे देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग १९९४पासून पामतेलाची आयात खुली झाली आणि भुईमूग, करडई, तीळ पिकवणाऱ्याला परदेशी तेलाशी भाव जुळवावा लागला. आज भारताच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक माल परदेशातून येतो. सुटे तेल मागे पडण्याला आणखी एक कारण घडले: १९९८मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली आणि केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. रत्नागिरीत मोहरीचे तेल कोणी खात नव्हते, पण दुकानदाराच्या पिंपातून मापाने तेल घेण्याची रीत तिथेही यानंतर संपत गेली.

नारळाच्या तेलाचे नशीब या सगळ्यात वेगळ्या वाटेने गेले. संपृक्त मेदाबद्दलच्या इशाऱ्यांनी ते ताटातून उठले आणि केसांवर राहिले. निळ्या बाटलीतले खोबरेल कायद्याने खाद्यतेल म्हणून विकले जाते आणि बहुतेक घरांत न्हाणीघरात ठेवले जाते. त्यावर खाद्यतेलाचा कर लावायचा की केशतेलाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लहान बाटलीत असले म्हणून ते केशतेल ठरत नाही, असा निकाल डिसेंबर २०२४मध्ये लागला. इकडे रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५मध्ये सुरू झालेल्या नारळ संशोधन केंद्राने ‘बाणवली’सारख्या उंच जातींवर आणि ‘प्रताप’सारख्या निवड वाणांवर काम केले. त्यातला नारळही बहुतांशी वाटणालाच जातो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ पुन्हा दुकानांत दिसू लागले आहे. त्यातले उखळ आणि लाट लाकडाची असली तरी बैलाच्या जागी मोटर आहे. तेल संथ गतीने निघते, वास टिकतो आणि बी कसे होते ते तेलात लगेच कळते. खवट शेंगदाण्याचे तेल घाण्यात काढले म्हणून चांगले होत नाही. या तेलात गाळ राहतो आणि कोकणच्या दमट हवेत ते लवकर बिघडते. म्हणून महिन्याभरापुरतेच घ्यावे, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, उजेडापासून दूर ठेवावे.

तेलांची रासायनिक घडण आता नेमकी ठाऊक आहे, आणि तिच्या उजेडात जुन्या वापराकडे पाहता येते. खोबरेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतो, त्यातला निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल. तो रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वनस्पतिजन्य पातळ तेलांपेक्षा अधिक वाढवतो, त्यामुळे रोजच्या सगळ्या स्वयंपाकाला तेच वापरणे योग्य नाही. कालवणावर सोडलेला चमचाभर ही वेगळी गोष्ट. कोकमाच्या लोण्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आहे, तेही संपृक्त, पण कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम लॉरिकइतका होत नाही. शेंगदाण्याच्या तेलात एक-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त मेद दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात. रिफाइंड स्वरूपात ते २२५ अंशांपर्यंत धुरत नाही, म्हणून मासे आणि वडे तळायला सोयीचे. तिळाच्या तेलातली नैसर्गिक संयुगे त्याला खवटपणापासून वाचवतात, म्हणूनच लोणची आणि चटण्या त्यात टिकतात. करडईच्या साध्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. ते फोडणीला आणि कच्चे खायला उत्तम, मात्र कढईत वारंवार तापवायला नाजूक.

जुन्या रत्नागिरीकराने रसायनशास्त्र न शिकता तेले कामांनुसार वाटून घेतली होती: वरून सोडायला खोबरेल, चटणीला तीळ, फोडणीला देशावरचे करडईचे तेल, थंडीत आणि भेगांना मुठेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०१०चा सल्लाही एकच तेल सर्वत्र वापरण्याऐवजी तेले आलटून-पालटून वापरावीत असाच होता. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला वरून घातलेले तेल-तूप २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम पुरते, असे प्रमाण त्यात दिले आहे. वीस ग्रॅम म्हणजे साधारण चार लहान चमचे. त्यात तळणाचे दोनदा-तीनदा तापवलेले तेल तर मुळीच बसत नाही. व्यापारी तळणातल्या तेलात खराब झालेली संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते टाकून द्यावे, असा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे.

वाटणाचा नारळ रोज खाणाऱ्या घराने या हिशेबात एक गोष्ट धरलीच पाहिजे. ताटातल्या आमटीतला नारळ हाही स्निग्धांशच आहे, आणि तो जमेस धरला तर फोडणीच्या तेलाला थोडीच जागा उरते. चार जणांच्या अशा घराला शेंगदाण्याचे किंवा करडईचे चांगले तेल महिन्याला दोन लिटर पुरते. त्याच्या जोडीला तिळाची एक लहान बाटली आणि ताज्या घाण्याचे पाव लिटर खोबरेल आणून ठेवावे.